दाणा घोडा पाहून द्यावा

४ नोव्हेंबर १९६३

दिवाळीची सुटी संपली, नवी वही काढली. आमचे वडील होळकरांच्या पागेत होते आणि रोज संध्याकाळी घोड्यांचा रोजनामा लिहीत. कोणी दाणा किती खाल्ला, लीद कशी पडली, चालीत फरक आहे का. पागा गेली, संस्थान गेलं, मध्य प्रदेश होऊनही सात वर्षं झाली. घोडे नाहीत म्हणून मी मुलींचा रोजनामा लिहितो. शाळेत ड्रिल शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काय येणार?

इंदिरा, वय चौदा, वजन ब्याऐंशी पौंड. गेल्या दिवाळीपेक्षा दोन पौंड कमी. रमा, वय आठ, सेहेचाळीस पौंड, उत्तम.

खुराक ठरलेला आहे. पहाटे साडेचारला उठणे. तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवलेलं पाणी प्रत्येकी एक लोटा, उपाशीपोटी. मग नेहरू पार्कापर्यंत धावून परत. आल्यावर भिजवलेले हरभरे, मूठभर काजू, तिळाचा लाडू. बुधवारी आणि रविवारी कलेजी. घागर द्वारकेनं लग्नात देपालपुराहून आणलेली. सोळा वर्षं मी तिचंच पाणी पितोय आणि मला साधं पडसं झालेलं आठवत नाही.

इंदू वजनकाट्यावर उभी राहून म्हणाली, "आबा, मी घोडी आहे का?"

"घोडी असतीस तर बरं होतं. घोड्या उलट बोलत नाहीत."

पोरगी जिभेनं तिखट आहे. मला आवडतं ते, पण तिला सांगत नाही.

१९ नोव्हेंबर

शाळेत शारदाबाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावून इंदूची मराठीची वही दाखवली. गेल्या वर्षी हिच्याच अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं. आता ओळ सुरुवातीला ठीक आणि शेवटी मुंगीएवढी बारीक, वाकडी. शारदाबाई म्हणाल्या, "सर, लक्ष नाही तिचं. या वयात होतं असं."

मला सगळ्यांसमोर शरम वाटली. मास्तराची मुलगी. घरी आल्यावर तिला बसवलं आणि शंभर वेळा लिहायला लावलं: मी नीट लिहीन. साठाव्या ओळीनंतर नुसत्या रेघोट्या होत्या. मी पान फाडलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला सांगितलं. रमा शेजारी बसून बघत होती.

द्वारका म्हणाली, "अहो, ती मुद्दाम नाही करून राहिली. तिचा हात दुखून राहिला असेल."

मी म्हणालो, तू मध्ये पडू नकोस. लाडानं एक मूल घालवलं ते पुरे.

असं बोलायला नको होतं. संताजी लाडानं गेला नाही, काविळीनं गेला. आमचा थोरला, नऊ वर्षांचा होता, पोटात पाणी झालं होतं. सहा वर्षं झाली, पण भांडणात माझ्या तोंडी अजून तोच येतो.

८ डिसेंबर

स्नेहसंमेलनाच्या लेझीमची तालीम. इंदू पहिल्या रांगेत, तिसरी. चौथ्या ठोक्याला लेझीम हातातून सुटली, उचलली, परत सुटली. मुली हसल्या. ती पण हसली, आणि तिचं हसू थांबेना. मी तिला रांगेतून काढलं. नियम सगळ्यांना सारखा.

अशक्तपणा आहे, दुसरं काय? आजपासून तिला दोन लोटे पाणी आणि कलेजी आठवड्यातून चारदा.

१४ जानेवारी १९६४, देपालपुर

संक्रांतीला मामांकडे आलो. अप्पासाहेब माझे मामाही आणि सासरेही. माझ्या वडिलांबरोबर पागेत होते, आता शेती बघतात. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. द्वारकेला देवासचं चांगलं स्थळ आलं होतं, पण मी एकवीस वर्षांचा गडी मामांच्या दारात जाऊन बसलो आणि म्हणालो, माझा हक्क सोडत नाही. मामी हसली, मामांनी पंचांग काढलं. लहानपणापासून मला तीच हवी होती. वहीत खोटं कशाला लिहू?

मेव्हण्याची बायको गंगूबाई इंदूला तीळगूळ देताना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, "अगं बाई, डोळे किती सुंदर झालेत हिचे. बुबुळाभोवती सोन्याचं कडं आहे जसं." मी उजेडात नेऊन पाहिलं. खरंच आहे. काळ्या बुबुळाच्या कडेनं पिवळट तपकिरी गोल रेघ. द्वारका हळूच म्हणाली, "संताजीचे पण शेवटी असेच दिसायचे." मी म्हणालो, खानदानी डोळे आहेत. बरं वाटलं, काहीतरी तरी चांगलं चाललंय पोरीचं.

जेवताना मी इंदूच्या ताटात तिसरा लाडू वाढला. तिनं मान हलवली, मी डोळे वटारले. अप्पासाहेब म्हणाले, "जबरदस्ती नको करू. तुझे वडील काय म्हणायचे? दाणा घोडा पाहून द्यावा." मग त्यांनी हिरा घोडीची गोष्ट काढली. ज्या दाण्यावर सगळी पागा फुलली, त्याच दाण्यावर ती एकटी आखडायची, मागचे पाय लाकूड व्हायचे. वडिलांनी तिचा तोबरा वेगळा केला आणि ती अठरा वर्षं जगली.

मी म्हणालो, मामा, ते घोड्यांचं. माणसाला सगळं पचतं.

लाडू तिनं खाल्ला.

२ फेब्रुवारी

वैद्य गजाननजींकडे गेलो. नाडी पाहिली, जीभ पाहिली, म्हणाले, "मास्टरजी, यकृत मंद है बिटिया का. ताम्रभस्म दे रहा हूँ, शहद के साथ, सुबह-शाम. पानी तांबे का पिलाते हो?" मी म्हणालो, जन्मापासून. "बहुत बढ़िया," म्हणाले.

ऐकून छाती फुगली. मी न शिकता जे करत होतो तेच शास्त्रात आहे.

१ मार्च

वजन एकोणऐंशी. बोलताना शब्द चिकटतात, तोंडात गोळी ठेवल्यासारखं बोलते. उशी ओली असते. मी म्हणालो, लहान बाळासारखी लाळ काय गाळतेस? ती म्हणाली, "घोडी पण गाळते." ते सुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर समजलं. रमाला मात्र पहिल्यांदाच समजलं.

भस्माची मात्रा वैद्यजींनी वाढवली.

२२ एप्रिल

नापास. सगळ्या विषयांत.

९ जून

आज सकाळी इंदू न्हाणीघरात पडली. उठवताना हात असा थरथरत होता की मला धरवेना. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. ते आधी द्वारकेला दिसलं. तिनं हा रंग एकदा पाहिलेला आहे.

वैद्यजी गावाला गेलेले. स्नेहलतागंजात डॉक्टर रघुवीर मुळ्ये नवा दवाखाना टाकून बसलेत, मुंबईला शिकलेले, वय तिशीचं. टांग्यात घालून नेली. त्यांनी तिला हात पुढे करायला सांगितले, नाव लिहायला सांगितलं. तिला 'इं' पण काढता आला नाही. मग टॉर्च घेऊन डोळ्यांत पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हे कडं कधीपासून आहे?"

मी म्हणालो, पाच महिने तरी. आमच्या घराण्यात आहे.

"घराण्यात म्हणजे आणखी कुणाला?"

मी संताजीचं नाव घेतलं. डॉक्टरांनी टॉर्च बंद केला. नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली, रक्त घेतलं, चोवीस तासांची लघवी बाटलीत भरून आणायला सांगितली. मुंबईला पाठवणार आहेत.

३ जुलै

रिपोर्ट आले. सकाळी एकटाच गेलो. जे समजलं ते लिहून ठेवतो, नंतर डोक्यात राहणार नाही.

तांबं प्रत्येकाच्या अन्नात असतं. शरीर लागेल तेवढं घेतं आणि उरलेलं पित्तावाटे टाकून देतं. इंदूच्या शरीराला टाकता येत नाही. जन्मापासून येत नाही. आधी ते यकृतात साठतं, मग मेंदूत जातं, डोळ्यांत उतरतं. सोन्याचं कडं म्हणजे तांबं आहे.

मी विचारलं, तांब्याच्या घागरीतलं पाणी? डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग खुराकाचं विचारत गेले आणि मी सांगत गेलो. काजू. तीळ. हरभरे. कलेजी. एकेका नावाला ते मान हलवत होते. सगळ्यांत तांबं, कलेजीत सर्वांत जास्त. शेवटी भस्माची पुडी खिशातून काढून टेबलावर ठेवली. नाव सांगायचं धैर्य झालं नाही. त्यांनी उघडून पाहिली आणि चष्मा काढला.

"मास्तरसाहेब, नीट ऐका. हा आजार तुम्ही दिलेला नाही. तांब्याचा एक थेंब दिला नसता तरी झाला असता. घरात बाकीचे तेच पाणी पितात, त्यांना काही होत नाही ना? तिचं शरीरच वेगळं आहे."

"पण मी वाढवला."

खरं बोलणारा माणूस आहे. म्हणाले, "आधीच भरलेल्या घागरीत तुम्ही ओतत होतात. किती फरक पडला ते कुणीच सांगू शकणार नाही."

मग विचारलं की तुमचं आणि पत्नीचं लग्नाआधी काही नातं? मी म्हणालो, मामाची मुलगी. त्यांनी कागदावर दोन गोल काढले, दोन्ही अर्धे काळे केले. अर्ध्या दोषानं माणसाला काहीच होत नाही, तो ठणठणीत असतो. दोन अर्धे एकत्र आले तर मूल असं होऊ शकतं. एकाच घराण्यातले असले की दोघांकडे तोच अर्धा दोष असण्याची शक्यता फार.

मी ठणठणीत आहे. सोळा वर्षांत साधं पडसं नाही.

द्वारकेला पाण्याचं सांगितलं. गोलांचं नाही सांगितलं. मी दारात बसलो होतो म्हणून ती इथे आली. हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

४ जुलै

पहाटे सवयीनं उठलो, सवयीनं घागरीवरचं झाकण काढलं. रमा लोटा घेऊन उभी होती. घागर उचलून अंगणात उपडी केली. पोरगी घाबरून रडायला लागली.

दुपारी घागर डोक्यावर घेऊन तांबटाच्या दुकानी गेलो. म्हणालो, तोडून टाक. तो म्हणाला, "क्या भिया, ऐसी पुरानी चद्दर अब मिलती कहाँ है?" मी म्हणालो, माझ्यासमोर तोड. त्यानं तोडली, मी उभा राहून पाहिली. काही हलकं वाटलं नाही.

परत आलो तर द्वारका ओट्यावर बसलेली. म्हणाली, "घागरीवर राग काढून काय होणार आहे? मी डॉक्टरांकडे गेली होती. मला पण कागदावर गोल काढून दाखवले त्यांनी."

मी पायातल्या चपला काढल्या.

"अर्धं तुमचं, अर्धं माझं," ती म्हणाली. मग लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं मला लहानपणच्या नावानं हाक मारली. "जयसिंग, देवासला गेली असती मी, तर माझी पोरं जगली असती. पण मग ती ही पोरं नसती. संताजी नसता, इंदू नसती. देवापाशी काय मागायचं तेच मला कळून नाही राहिलं."

मी तिच्या शेजारी बसलो. रडलो. माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, याचा विचार सुद्धा आला नाही.

१९ जुलै

या आजारावर एक औषध आहे. आठ वर्षांपूर्वी विलायतेत निघालं, इथं मिळत नाही. मुळ्यांचे एक वर्गमित्र लंडनला आहेत, त्यांना पत्र गेलं. तोवर अन्नातलं तांबं अडवायला जेवणाबरोबर एक औषधी पाणी द्यायचं, त्याला सडक्या अंड्याचा वास. इंदू नाक मुरडते. कलेजी, काजू, तीळ बंद. आता तिच्या ताटात भात, दूध, साखर. मी स्वतः वाढतो, आणि दर घासाला विचार येतो की यात किती असेल.

वेगळा तोबरा केला, पण उशिरा.

२६ ऑगस्ट

औषध आलं. विमानानं कुणी डॉक्टर मुंबईला आले, तिथून रेल्वेनं. बाटलीत शंभर कॅप्सूल. मुळ्ये स्वतः घरी घेऊन आले, चहा घेतला नाही. म्हणाले, सुरुवातीला तब्येत आणखी बिघडू शकते, घाबरू नका. हे औषधही सगळ्यांच्या अंगाला मानवत नाही. आणि ते शरीरातलं एक जीवनसत्त्वही खेचून नेतं, म्हणून त्याची वेगळी गोळी रोज.

एका गोष्टीला उतारा, उताऱ्याला उतारा. मी वेळापत्रक करून भिंतीवर लावलं.

जाताना दारात थांबून म्हणाले, "धाकटीलाही तपासून घेऊ या. डोळे तर आत्ताच पाहतो."

मी म्हणालो, तिला काही झालेलं नाही. सेहेचाळीसाची एक्कावन्न पौंड झालीय. तालमीत पहिली येते.

"म्हणूनच," ते म्हणाले.

मी नाही म्हणालो. आता एकीचं बघू द्या.

११ सप्टेंबर

इंदूच्या अंगभर लाल पुरळ, ताप एकशे तीन. औषध थांबवलं. मुळ्ये म्हणतात, दहा दिवसांनी पुन्हा अगदी थोडं देऊन बघू. भस्म या पोरीनं मुकाट्यानं घेतलं, आणि जे खरं औषध आहे ते तिच्या अंगाला सोसत नाही. कुणावर रागावू?

४ ऑक्टोबर

औषध पुन्हा सुरू, चौथाई मात्रा. पुरळ नाही. पण बोलणं पूर्ण गेलं. हात छातीशी वळलेले. चेहऱ्यावर एक हसू येऊन बसलंय ते जात नाही. शेजारी म्हणतात, हसते आहे म्हणजे बरी आहे. मी कुणाला काही सांगत नाही.

वजन घेताना तिला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहतो आणि माझं वजन वजा करतो. एकसष्ट पौंड. तिनं घशातून काहीतरी आवाज काढला. मी म्हणालो, काय बेटा, पाणी? रमा म्हणाली, "नाही आबा, ती म्हणून राहिली आहे, घोडी वाळली."

इंदूनं डोळे मिटून उघडले. बरोबर होतं.

त्या डोळ्यांत पाहून मी म्हणालो, इंदू, त्या शंभर ओळी. मला माफ कर. तुझा हात चालत नव्हता आणि मी पान फाडलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, तेच हसू घेऊन. तिनं माफ केलं का, मला वाचता आलं नाही. रमाला विचारलं तर ती म्हणाली, आत्ता ती काहीच नाही बोलली.

२० ऑक्टोबर

आज द्वारकेशी कडाक्याचं भांडण. मी शाळेत असताना ती रमाला घेऊन मुळ्यांकडे गेली, रक्त आणि लघवी देऊन आली. मी म्हणालो, मला न विचारता? ती म्हणाली, "विचारलं असतं तर नाही म्हणाले असता."

"आणि काही निघालं तर?"

"निघालं तर निघालं. संताजीच्या वेळी माहीत नव्हतं. इंदूच्या वेळी माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा माहीत असून डोळे मिटून बसू?"

मी ओरडलो. शाळेत चारशे मुलांना एका आवाजात सावधान करणारा माणूस, घरात आवाज बाईवर चढवला.

खरं सांगायचं तर भीती वाटते. जोवर कागद येत नाही तोवर माझी एक मुलगी धडधाकट आहे.

रमाचे डोळे मी रोज उजेडात पाहतो. कडं नाही. ती विचारते, आबा काय बघता? मी म्हणतो, काजळ नीट लागलं का ते.

१५ नोव्हेंबर

इंदूला काल चमच्यानं दूध पाजताना ठसका लागला, आज छातीत घुरघुर. पाजत मी होतो.

मुळ्ये सकाळ-संध्याकाळ येतात. हात मात्र थोडा सैल झालाय म्हणाले. औषध आता कुठं लागू पडू लागलंय. सहा महिने आधी सुरू झालं असतं तर, असं त्यांनी म्हटलं नाही. मीच म्हटलं.

१८ नोव्हेंबर

इंदू गेली. सकाळी सव्वानऊला. ऊन पायांवर आलं होतं.

२ डिसेंबर

चौदावा कालच झाला. पाहुणे गेले, अप्पासाहेब राहिले. दिवसभर अंगणात बसून असतात. आज मी त्यांच्यासमोर चहा ठेवला तेव्हा म्हणाले, "पागेत आमच्याकडे घोड्यांच्या वंशावळीची वही होती. नर लावायच्या आधी सहा-सात पिढ्या उलगडून बघायचो. एका रक्ताची जोडी तुझ्या वडिलांनी कधी होऊ दिली नाही. शिंगरू लुळं निघतं म्हणायचे."

मग म्हणाले, "आणि पोरीच्या वेळेला मी नुसतं पंचांग काढलं. ती वही डोक्यातच आली नाही रे. जनावरांसाठी होती ना."

मी म्हणालो, मामा, दारात तर मी बसलो होतो.

ते म्हणाले, "दार माझं होतं."

चहा दोघांनीही घेतला नाही.

२१ डिसेंबर

मुंबईचा कागद आला. मुळ्यांनी तो टपालातून न पाठवता शाळेत आणून दिला, मैदानावर. माझा पाचवीचा वर्ग चालू होता. मी मुलांना आरामसे उभं केलं आणि कागद हातात घेतला. इंग्रजी आकडे होते, मला कळले नाहीत. मुळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, ते कळलं.

रमाला पण आहे.

ते घाईनं बोलत होते. अजून फक्त यकृतात आहे, मेंदूत काही नाही. आत्ता औषध सुरू केलं आणि जन्मभर चालू ठेवलं तर तिला कदाचित काहीच होणार नाही. हात थरथरणार नाही, शिकेल, म्हातारी होईल. "द्वारकाबाईंनी आणली म्हणून," ते म्हणाले. "लक्षणं दिसेपर्यंत थांबलो असतो तर."

मी मुलांना डिसमिस म्हणायचं विसरलो. ती सगळी तशीच उभी होती.

घरी येऊन द्वारकेला सांगितलं. ती रडली नाही. उठली आणि देव्हाऱ्यामागची बाटली घेऊन आली. इंदूची बाटली. अंगावर पुरळ आलं म्हणून थांबवलेल्या, मात्रा कमी केली म्हणून वाचलेल्या कॅप्सूल. ती म्हणाली, "बहीण ठेवून गेली आहे." मी मोजल्या नाहीत. लंडनला नवं पत्र गेलंय, तोवर पुरतील इतकंच पाहिलं.

२२ डिसेंबर

रमानं पहिली कॅप्सूल घेतली. काचेच्या पेल्यातल्या पाण्याबरोबर. विचारलं, "आबा, ताईला सोसली नाही, मला सोसेल?"

मी म्हणालो, माहीत नाही बेटा. बघू. रोज बघू.

आयुष्यात मुलींना मी पहिल्यांदाच माहीत नाही म्हणालो असेन.

१० जानेवारी १९६५

पुरळ नाही. ताप नाही. भूक चांगली. वजन बावन्न.

आता वजनावर माझा भरवसा राहिला नाही. इंदूचं पहिल्यांदा बिघडलं ते अक्षर. ते सगळ्यांत आधी मला दिसलं होतं, आणि मी त्याला आळस म्हणालो. म्हणून आजपासून ठरवलं की या वहीत रोज शेवटची ओळ रमा लिहील. मी फक्त अक्षर बघेन.

तिला मांडीवर घेतलं, टाक हातात दिला आणि म्हणालो, इथं एक ओळ लिही, तुला वाटेल ती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, जीभ दातांत धरली आणि लिहिलं:

*मी नीट लिहीन.*

मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती शेजारी बसून बघत होती, हे माझ्याच वहीत लिहिलेलं आहे.

मी त्या ओळीवर तळहात ठेवला. मग म्हणालो, हे नको बेटा. हे कधीच नको लिहू. दुसरं काहीतरी लिही. तिनं विचार केला. टाक दौतीत बुडवला, जास्तीची शाई काठाला पुसली, आणि सावकाश लिहिलं:

*ताईचं अक्षर माझ्यापेक्षा छान होतं.*

ओळ सरळ आहे. शेवटचं अक्षर पहिल्याएवढंच मोठं आहे. मी खिडकीशी नेऊन तीनदा पाहिलं.